उत्क्रांती नाकारणाऱ्यांशी वाद घालायचाच नाही? मला नाही पटत

गेले काही दिवस आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आणि तो पाठवणारी मंडळी आपलीच, विवेकवादी. म्हणणं असं की 'देवानं सगळे प्राणी आहेत तसेच घडवले, डार्विन खोटा' असं सांगणाऱ्यांशी जाहीर वाद घालू नका. वादानं त्यांची पत वाढते, मत कुणाचंच बदलत नाही, ते एका दमात दहा खोट्या गोष्टी बोलतात आणि आपण एकीचंही उत्तर पुरं करू शकत नाही, आणि विज्ञान टाळ्यांवर ठरत नसतं. हेतूबद्दल मला शंका नाही, पण मी तासगाव भागात विज्ञान शिकवतो, गावोगाव बोलायला जातो, म्हणून हे लिहितोय.

पत वाढते म्हणता, पण पत त्यांच्याकडं आधीच आहे हो. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. ते स्टेज त्यांना कुणा विवेकवाद्यानं दिलं नव्हतं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून उघड विरोध केला, शास्त्रज्ञांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठं त्यांच्याच खात्याचे मंत्री जावडेकर यांनी अशी विधानं टाळा म्हणून सांगितलं. आणि 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला. आता सीबीएसईचं जे पोरगं पुढं बायोलॉजी घेणार नाही त्याला उत्क्रांती भेटणार कुठं, तर गावातल्या प्रवचनात, आणि तिथं ती खोटी म्हणूनच भेटणार. आपण गप्प बसून कुणाची पत कमी करतोय?

मत बदलत नाही हा मुद्दा अर्धा खरा आहे. समोरच्याचं नाहीच बदलत. 4 फेब्रुवारी 2014 ला अमेरिकेत केंटकीमध्ये विज्ञान सोपं करून सांगणारे बिल नाय आणि बायबलातली सृष्टीची गोष्ट खरी मानणारे केन हॅम यांचा मोठा वाद झाला, त्यात विचारलं गेलं की तुमचं मत कशानं बदलेल. नाय म्हणाले पुराव्यानं. हॅम म्हणाले, बायबल हा देवाचा शब्द नाही हे मला कुणीही पटवू शकणार नाही. पण त्या दोघांच्या समोर माणसं बसलेली असतात, त्यांचं काय?

दोन वर्षांपूर्वी एका गावात मंदिराच्या सभामंडपात मंडळानं कार्यक्रम ठेवला होता, एक प्रवचनकार महाराज आणि मी. महाराजांनी नेहमीचा प्रश्न टाकला, माणूस माकडापासून झाला तर आजची माकडं अजून माकडंच कशी? मी विचारलं, तुमच्या गावातली किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात बाहेर गेलीत? बरेच हात वर. म्हटलं, पणजोबांची दोन पोरं, एक गावात राहिलं, एक गलाईला केरळला गेलं, तिकडं तीन पिढ्या झाल्या, भाषा बदलली, खाणं बदललं. मग केरळातली नातवंडं गावातल्या नातवंडांपासून झाली का? नाही, दोघंही पणजोबांची. माकडाचं आणि आपलं तसंच आहे, पणजोबा एक, फक्त तो कोट्यवधी वर्षांमागचा. महाराज मान हलवून पुढच्या मुद्द्यावर गेले, त्यांचं काही बदललं नाही.

पण मागनं एक द्राक्ष बागायतदार उठले. द्राक्षावर पडणाऱ्या डावणी या बुरशीच्या रोगाबद्दल म्हणाले, सर, आमच्या डावणीचं पण असंच काय? एकच औषध दोन-तीन सीझन मारलं की पुढं दाद देत नाही. मी सांगितलं की औषधानं रोगाला ताकद येत नाही, लाखोंमधले थोडे आधीपासूनच त्या औषधाला पुरून उरणारे असतात, बाकीचे मरतात, हे वाचतात आणि पुढच्या वर्षी यांचीच पिलावळ बागभर असते. ते जरा थांबून म्हणाले, 'म्हणून औषध बदलून बदलून मारा म्हणत्यात व्हय!' अख्ख्या सभामंडपात कुजबुज सुरू झाली कारण प्रत्येकाच्या बागेत हे झालेलं होतं. मी गेलोच नसतो तर हा प्रश्न कुणाला विचारला असता त्यांनी?

एका दमात दहा खोटं, ही अडचण मात्र खरी आहे, मी पण त्यात अडकलोय. अमेरिकेत ड्युएन गिश नावाचे उत्क्रांती नाकारणारे गृहस्थ इतके भरभर मुद्दे टाकायचे की त्या प्रकाराला त्यांच्याच नावानं 'गिश गॅलप' म्हणतात. पण यावर उपाय नियम आधी ठरवणं हा आहे, पळणं नव्हे. 2008 ला नारळीकर सर आणि आपले साताऱ्याचे डॉ. दाभोलकर यांनी ज्योतिषांना जाहीर आव्हान दिलं तेव्हा भाषणबाजी ठेवलीच नाही. प्रत्येकाला 40 पत्रिका, हुशार मुलाची कुठली आणि गतिमंद मुलाची कुठली एवढंच ओळखायचं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी निम्म्याहून कमी बरोबर, म्हणजे नाणं उडवून येईल तेवढंसुद्धा नाही. आणि 2005 ला पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात बघा, तिथं शपथेवर एकेका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, तर 'बुद्धिमान रचने'चे, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकारानं घडवले या मताचे, बिनीचे शास्त्रज्ञ मायकल बेही यांना उलटतपासणीत कबूल करावं लागलं की त्यांच्या व्याख्येनं ज्योतिषही विज्ञानात बसेल. कोर्टानं ही रचना विज्ञान नाही, धर्म आहे असा निकाल दिला. तिथं भरभर बोलून सुटता आलं नाही.

विज्ञान टाळ्यांवर ठरत नाही, मान्य. ते ठरवायला कुणी सभामंडपात जातच नाही. टीव्हीवर चार चौकटीत ओरडायला मी पण जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका, तिथं ना नियम ना वेळ.

येत्या गणपतीत दोन मंडळांनी बोलावलंय, समोर तेच महाराज असतील. मी एवढंच मागितलंय की एका कार्यक्रमात एकच प्रश्न, तो आठ दिवस आधी लिहून द्यायचा, दोघांना वीस-वीस मिनिटं आणि उरलेला सगळा वेळ समोर बसलेल्यांना. एका मंडळानं हो म्हटलंय, दुसऱ्याचं अजून ठरायचंय.