डिकीत मावली म्हणजे झालं?

मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची विजेवरची बसती गाडी, मोटारीतून कशी न्यायची यावर एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: डिकी मोजा आणि तीत मावेल अशी घडीची स्कूटर घ्या, नाही मावली तर मागच्या टो-हुकवर, म्हणजे ट्रेलर ओढायच्या हुकवर, स्कूटर ठेवायचा कॅरिअर लावा, त्यात पडायचं नसेल तर रॅम्प सगळ्यात सोपा, व्हॅन असेल तर स्कूटरवर बसल्याबसल्याच आत जा, आणि गाडी बदलली तरी हेच सामान नव्या गाडीत चालतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला एकही मुद्दा आहे तसा घेऊ नये. पहिला तर मुळातच उलटा आहे.

"डिकी मोजा, मावली की झालं."

डिकीचं माप ही शेवटची गोष्ट. आधी ठरवायचं ते हे की स्कूटर उचलणार कोण आणि ती आत जाईपर्यंत तिचा मालक उभा कुठे राहणार.

घडी घातली की आकार कमी होतो, वजन जेवढ्यास तेवढंच राहतं. घडीच्या स्कूटर साधारण २० ते ३० किलोच्या असतात आणि तो सगळा भार एकाच वेळी उचलावा लागतो. सुटे भाग होणारी स्कूटर एकूण ४०-५० किलोची असली, तरी तिचा सर्वांत जड भाग, म्हणजे मोटर आणि मागची चाकं असलेला तुकडा, बहुधा १५-२० किलोच्या आसपास असतो. त्यामुळे कागदावर 'जड' दिसणारी स्कूटर कधीकधी पाठीला जास्त सोसवते. शिवाय हे वजन नुसतं उचलून भागत नाही. डिकीच्या काठावरून वाकून, हात लांबवून आत ठेवावं लागतं. छातीशी धरलेले २० किलो आणि हात पसरून धरलेले २० किलो यांत किती फरक असतो, हे कंबर लगेच सांगते.

आता एका फेरीचा हिशोब करा. घरून निघताना चढवायची, तिकडे उतरवायची, परतताना पुन्हा चढवायची, घरी पुन्हा उतरवायची. चार वेळा. उचलणारी व्यक्ती पुष्कळदा जोडीदार असते, वयाने तेवढीच, गुडघ्यांनीही तेवढीच. दुकानात विक्रेत्याने एका हाताने उचलून दाखवलं म्हणून हे गणित बदलत नाही.

एकट्याने गाडी चालवणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते, आणि त्या सल्ल्यात तिचा उल्लेखही नाही. स्कूटर डिकीत गेली, दार लागलं. आता मागच्या दारापासून चालकाच्या दारापर्यंतची पावलं स्कूटरविनाच टाकायची. काठी टेकत, गाडीचा आधार घेत ती टाकता येत असतील तर डिकीचा पर्याय खुला. येत नसतील, तर डिकी कितीही ऐसपैस असो, ती उपयोगाची नाही.

उचलणं जमत नसेल तर डिकीत बसवायचा हॉइस्ट, म्हणजे छोटी विजेची यारी, हा चांगला मार्ग आहे. ४० किलोपासून पार २०० किलोपर्यंत पेलणारे हॉइस्ट मिळतात. पण त्यांतला भेद समजून घ्या. साध्या प्रकारात मोटर फक्त वर-खाली करते, लटकलेली स्कूटर आत-बाहेर ढकलायची ती हातानेच. गाडी जरा उतारावर उभी असेल, तर ते लटकतं वजन आपल्याच मनाने फिरू लागतं. आत-बाहेरही मोटरच नेते असा प्रकार महाग असतो, पण हातात जोर नसणाऱ्याने तोच बघावा. हॉइस्टचा खांबही जागा खातो आणि स्कूटर अधांतरी असताना ती दाराच्या वरच्या कडेखालून जावी लागते. म्हणून मोजायचंच असेल तर डिकीचा तळ नंतर मोजा. आधी उघड्या दाराची सर्वांत अरुंद जागा आणि उंची मोजा. मागची काच तिरकी असलेल्या गाडीत तळाला मावणारी स्कूटर वर काचेला अडते.

"नाही मावली तर टो-हुकवर कॅरिअर लावा."

इथे बहुतेकजण चुकीचा आकडा वाचतात. गाडी दीड टन ओढू शकते असं पुस्तिकेत दिसतं, मग शंभर किलोचं काय एवढं! पण तो आकडा ओढण्याचा. हुकवर उभा दाब किती चालेल ही मर्यादा वेगळी छापलेली असते आणि लहान-मध्यम गाड्यांत ती बऱ्याचदा ५० ते १०० किलोच्या दरम्यान असते. विजेवर वर-खाली होणारा कॅरिअरच कधी ५०-६० किलोचा असतो. त्यावर ७० किलोची स्कूटर ठेवली की झाले १३० किलो.

हे वजन दोन चाकांच्या मध्ये बसत नाही, मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आहे आणि स्कूटरचा भार मागच्या चाकांपासून १.३ मीटर मागे आहे. मग १३० किलोमुळे पुढच्या चाकांवरचा भार ६५ किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर १९५ किलोंची भर पडते. सी-सॉवर बसलेल्या कोणत्याही पोराला हे कळेल. परिणाम लगेच जाणवतात: स्टिअरिंग हलकं पडतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर पकड सोडू लागते. हुकची मर्यादा सांभाळली तरी मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा आणि टायरमधली हवा तपासावीच लागते.

बाकीचे तोटे भराभर सांगतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, सेन्सर सतत बोंबलतात, कॅरिअर बाजूला सरकणारा नसेल तर डिकी उघडत नाही, आणि पावसात स्कूटरच्या कंट्रोलरच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या विजेच्या डब्याच्या, जोडण्यांत पाणी शिरतं. कव्हर हवंच. मजबूत चेसिसची मोठी गाडी असेल तर कॅरिअर उत्तम चालतो, मी त्याच्या विरोधात नाही. जड स्कूटरला छोटा ट्रेलरही बरा, कारण तिथे बहुतेक भार ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतो. मात्र तो रिव्हर्स घेता आला पाहिजे.

"रॅम्प सगळ्यात सोपा."

डिकीचा काठ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल आणि रॅम्प दोन मीटरचा असेल, तर चढ १७ अंशांच्या वर जातो. बऱ्याच स्कूटरच्या पुस्तिकेत सुरक्षित चढ ६ ते १२ अंशांच्या आसपास दिलेला असतो. १० अंशांवर आणायचं तर रॅम्प जवळजवळ साडेतीन मीटर हवा. त्यापुढे स्कूटर सरळ करायला तिच्या लांबीएवढी जागा धरली, की गाडीच्या मागे पाचेक मीटर मोकळं रान लागतं. भरलेल्या पार्किंगमध्ये ते कोण देणार? तीनचाकी स्कूटर असेल तर दोन पट्ट्यांचा रॅम्प निरुपयोगी, कारण मधलं चाक हवेत राहतं. रॅम्प संपतो तिथे स्कूटरचं पोट टेकतं ते निराळंच. मागचा भाग खाली झुकवता येणाऱ्या किंवा मुळातच बुटक्या तळाच्या व्हॅनला मात्र रॅम्प शोभतो.

"स्कूटरवर बसल्याबसल्याच आत जा."

आत गेल्यावर उतरून गाडीच्या सीटवर बसणार असाल, तर ठीक. तसंच स्कूटरवर बसून प्रवास करायचा असेल, तर नाही. गाडीत सीट म्हणून वापरायच्या चाकांच्या खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ हे वेगळं मानक आहे आणि त्यात धडकेची चाचणी येते. बहुतेक स्कूटरच्या पुस्तिकेत प्रवासात स्कूटरवर बसू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

रिकामी स्कूटरही बांधावी लागते, आणि फिरत्या सल्ल्यात याचं अवाक्षर नाही. अशा चाचण्यांत धरतात तेवढ्या म्हणजे २० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) धक्क्यात ४५ किलोची स्कूटर सुमारे ९०० किलोच्या जोराने पुढे झेपावते. पट्टे सांगाड्याला बांधा. हँडलला, सीटला किंवा टोपलीला नाही. फ्रीव्हीलचा खटका (स्कूटर हाताने ढकलता यावी म्हणून चाकं मोकळी करणारा) 'ड्राइव्ह'वर ठेवा, नाहीतर चुंबकीय ब्रेक सुटलेला राहतो. किल्ली काढा. सुटी काढलेली बॅटरी सीटवर तशीच ठेवू नका. १२ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची एक बॅटरीच चारेक किलोची असते, आणि स्कूटरला तशा दोन लागतात.

"गाडी बदलली तरी सामान तेच चालतं."

अर्धंच खरं. हॉइस्टची मोटर आणि हात पुष्कळदा नव्या गाडीत जातात, पण ते गाडीच्या तळाला धरून ठेवणारा कंस त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेला असतो, आणि काही गाड्यांसाठी तो बनवलेलाच नसतो. टो-हुकचंही तेच. विजेवरच्या अनेक गाड्यांना तर हुक लावायला निर्मात्याची परवानगीच नाही. म्हणून नव्या गाडीची आगाऊ रक्कम भरण्याआधी हॉइस्ट बसवणाऱ्याला मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा, आणि गाडी बघायला जाताना स्कूटर बरोबर घेऊन जा.