गोळाभात, मिक्सर आणि माप: एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

विदर्भातल्या गोळाभातावर, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे घालून केलेल्या भातावर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मिक्सरमधून काढलेली डाळ, कुकरमधला भात, वाटी-चमच्याची मापं, 'सोयाबीन तेलही चालेल' ही सूट, आणि एवढं करून नाव 'आजीचा गोळाभात', हे तुम्हाला खटकलं. ती चव त्या बायांबरोबरच गेली, आता आठवणींचा बाजार मांडू नका, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं बालपण नागपुरात महाल भागातल्या वाड्यात गेलं, चुलीवरचा गोळाभात तुम्ही पोटभर खाल्लाय. राग येणं साहजिक आहे. पण चव बायांबरोबर गेली, हे मला मान्य नाही.

गेलं ते निराळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेली मामे-मावस भावंडं, माजघरातली पंगत, नको नको म्हणताना ताटात पडणारा आणखी एक गोळा. त्याची कृती लिहिता येत नाही आणि मी लिहिलेलीही नाही. चवीतला मोठा भाग मात्र हाताच्या कामाचा होता. काम बघून, विचारून, करून शिकता येतं. आपल्या आज्याही तशाच शिकल्या होत्या.

आता मिक्सरचं. गोळाभाताचा सगळा जीव हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात आहे. जात्याच्या तोंडात मोठी मूठ टाकली की डाळ जाडसर पडते, थोडी थोडी टाकली की बारीक. आजी गाणं म्हणता म्हणता हे सांभाळायची. मिक्सरचं पातं तसं सांभाळत नाही. त्यात अर्धी डाळ पीठ होते आणि अर्धी आख्खी राहते. म्हणूनच मी लिहिलं होतं की थांबून थांबून फिरवा, मग रव्याच्या चाळणीने चाळा, खाली पडलेलं पीठ झुणक्याला ठेवा आणि वरची जाड डाळ पुन्हा फिरवा. हाताला रव्यासारखी कणी लागली पाहिजे. पीठ जास्त झालं तर गोळा घट्ट होतो, वाफ आतवर जात नाही आणि मधोमध कच्चा राहतो. कणी फार जाड राहिली तर गोळा भातात फुटतो. तिखट, मीठ, हळद, हिंग, बारीक चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि सढळ हाताने तेल घालून पाण्याच्या हबक्याने भिजवलं की थोडा वेळ झाकून ठेवायचं, म्हणजे कणी पाणी पिते आणि गोळा मऊ होतो. जातं असेल तर जात्यावरच भरडा, मी कशाला नाही म्हणू? पण जातं नाही म्हणून गोळाभातच करायचा नाही, हे मला पटत नाही.

कुकरचं म्हणाल तर फोटोत भांडं कुकरचं आहे, शिट्टी लावलेली नाही. शिट्टी लावली तर खदखदत्या पाण्यात गोळे विरघळून जातील. भातातलं पाणी आटत आलं की गोळे वर ठेवायचे, झाकण घालायचं, भांड्याखाली तवा सरकवायचा आणि आच अगदी मंद करायची. चुलीवर पितळी गंजाच्या (पातेल्याच्या) झाकणावर निखारे ठेवत, तेव्हाही गोळे वाफेवरच शिजत.

चिन्नोरसारखा वासाचा तांदूळ सोडून 'कारखान्याचा' एचएमटी तांदूळ घेतला, असंही तुम्ही म्हणता. चिन्नोरच्या वासाला तोड नाही, हे खरंच. पण एचएमटी कारखान्यातून आलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षं निवडून हे वाण तयार केलं. नाव तेवढं तेव्हाच्या घड्याळाचं पडलं. २०१८ मध्ये ते गेले. हा आपल्याच मातीतल्या शेतकऱ्याचा तांदूळ आहे. मी तो अभिमानाने शिजवते. फक्त जुना घ्यावा, नवा चिकट होतो.

तेलाबाबत मात्र आपलं एकमत आहे, असं मला वाटतं. जवसाच्या तेलाची किंचित कडसर चव गोळ्याला जशी लागते तशी दुसऱ्या कुठल्याही तेलाची लागत नाही. पण त्यातला अर्ध्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक या स्निग्ध आम्लाचा असतो. हवा आणि उजेड लागला की ते लवकर खवट होतं. पूर्वी घाण्यावरून ताजं आणि बेताचंच आणत. आज बाटली महिनोन्‌महिने दुकानात उभी असेल तर जवसाच्या नावाखाली खवटपणाच ताटात येतो. त्यापेक्षा साधं ताजं तेल बरं. मी सूट दिली ती तेलाच्या जातीत. प्रमाणात एका थेंबाचीही दिलेली नाही. डाळीचा गोळा कोरडा असतो. तो भातात कुस्करून वर मोहरी, हिंग आणि भिवापुरी मिरचीची फोडणी पळीने ओतली नाही तर घास घशाखाली उतरत नाही. हल्ली लोक चमचाभर तेल शिंपडतात आणि मग म्हणतात, पूर्वीसारखं लागत नाही.

आणि माप. 'आमच्या आईने कधी माप घेतलं नाही' हे वाक्य मी फार ऐकते. तिने माप घेतलं होतं. धान्य पायली-कुडवाने मोजणाऱ्या घरात ती वाढली, आमटीची वाटी ठरलेली, मुठीत किती मावतं ते ठाऊक. पन्नास वर्षं रोज मोजल्यावर ते बघणाऱ्याला दिसेनासं होतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीचा मला मेल आला होता. तिची आई गेलेली, विचारायला कोणी नाही. तिला मी 'अंदाजाने घाल' सांगू? तिला दोन वाट्या तांदळाला एक वाटी भरडा असंच सांगावं लागतं. मोजून केलेल्या त्या भाताचा पहिला घास खाऊन तिने जे लिहिलं ते तिचं खासगी आहे, इथे देत नाही. पण त्याला बाजार म्हणू नका, काकू.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की तुमची आई चिंचेच्या सारात निखाऱ्यावर भाजलेला कांदा ठेचून घालायची. हे मी कुठेच ऐकलं नव्हतं. आमच्याकडे सार नुसतं चिंच-गुळाचं. कांदा सालीसकट भाजायचा का, गूळ उकळीआधी की नंतर, आणि फोडणीत मेथी असायची का, एवढं कळवा. इतवारीतून नवी चिंच आणलेली आहे.