खोबरेल, डिझेल आणि फायबरची चकाकी

श्रावण लागला, किनाऱ्यावरच्या बोटींवरून झाप आणि ताडपत्र्या उतरू लागल्या, की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा एकाच दिवसात मला चौघांनी पाठवला. दोघांनी खाली फक्त 'खरं काय रे?' एवढंच लिहिलं होतं. मजकूर थोडक्यात असा: फायबरची बोट पांढरी पडली तर बफिंगवाल्याकडे जाऊ नका, कंपाउंडने, म्हणजे घासून चमकवायच्या पेस्टने, जेलकोट हा वरचा रंगीत थर झिजतो आणि दोन हंगामांत आतलं फायबर उघडं पडतं. त्यापेक्षा टॉयलेट क्लीनरने धुवा, टूथपेस्टने घासा, वरून खोबरेल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून चोळा. तरीही जमलं नाही तर ऑइलपेंट मारा. सोबत एक व्हिडिओ, त्यात लाल बोटीवर फिरवून लालभडक झालेला बफिंग मशीनचा पॅड दाखवून कोणीतरी म्हणतो, 'बघा, रंगच निघतोय!'

मी फायबरची कामं करतो, म्हणजे यात माझा धंदा आहे. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, एक तांब्याभर पाणी घ्या. बोटीच्या पांढुरक्या जागेवर ओता. ओलं आहे तोवर मूळचा रंग दिसेल, अगदी नव्यासारखा. वाळलं की परत खडू. आता कोरड्या जागेवर हाताचं बोट घासा, बोटाला पावडर लागेल.

तो खडू म्हणजे उन्हाने मेलेला जेलकोट. साच्यात सगळ्यात आधी मारतात तो रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा थर. उन्हातले अतिनील किरण वरच्यावर हे रेझिन मोडत राहतात, पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा होतो आणि उजेड सरळ परत येण्याऐवजी चहूकडे विखुरतो. डोळ्यांना ते पांढुरकं दिसतं. पांढऱ्या बोटीवर कमी जाणवतं. लाल आणि निळ्यावर लगेच. चकाकी म्हणजे सपाटपणा, दुसरं काही नाही. पाण्याने ते खड्डे भरतात म्हणून ओली बोट चमकते.

आता खोबरेल-डिझेलचं कोडं सुटलं ना? तेलही तेच करतं, फक्त पाण्यासारखं लगेच वाळत नाही. म्हणून व्हिडिओत बोट नवी दिसते. व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो, हंगाम आठ महिन्यांचा. डिझेल हळूहळू उडून जातं, खोबरेल मागे राहतं आणि त्याला वाळू, धूळ, काजळी सगळं चिकटतं. गेल्या वर्षी अशी एक लाल बोट माझ्याकडे आली. हात फिरवला तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं लागलं. कंपाउंडला हात लावण्याआधीच अर्धा दिवस साबण, गोडं पाणी आणि ॲसिटोनच्या चिंध्या यांत गेला, कारण तेलकट जागेवर पॅड फिरवला की तो लगेच चिकट होऊन बसतो. शिवाय काठावर तेल म्हणजे बोटीत चढणाऱ्या पर्यटकाचा पाय घसरणार. डिझेल पाण्यात जातं ते वेगळंच.

ही तेलाची कल्पना आली कुठून, ते मला कळतं. आमच्या आधीच्या पिढीने लाकडी होड्यांना माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल वर्षानुवर्षं लावलं, आणि ते बरोबरच होतं. लाकूड तेल पितं, फुगत नाही, कुजत नाही. जुनी सवय, नवी वस्तू. फायबर तेल पीत नाही. शेजारचे एक काका मला अजून दटावतात, 'कंपाउंड मारू नको रे, फायबर उघडा पडतला!' त्यांच्या होडीला तेल लावायला मी स्वतः गेलोय, पण स्पीडबोटीला नाही.

तर, कंपाउंडने फायबर उघडं पडतं का? हा मेसेजचा मुख्य मुद्दा आहे आणि त्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून जरा थांबतो. चांगल्या जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट असतो 40 ते 50 मायक्रॉनचा. दहापट फरक. एकदा नीट कंपाउंड मारलं तर त्यातले काही मायक्रॉन जातात, आणि जातात ते मेलेलेच. मग लाल पॅडचं काय? जेलकोटवर गाडीसारखा वेगळा पारदर्शक थर नसतो, वरपासून खालपर्यंत एकच रंग. तेव्हा पॅडला रंग लागणारच. आधी गुलाबीसर पांढरा निघतो, तो खडू. मग गडद निघू लागला की समजायचं, जिवंत थर लागला. तिथे थांबायचं. व्हिडिओतला माणूस जे बघून घाबरला, ते बघून मी मशीन बंद करतो.

खरं ते एवढंच: काही जागी थर पातळ असतो. साच्याच्या कडा, कोपरे, आणि ब्रशने जेलकोट मारलेल्या बोटींवर तर कुठेही. कडांवर मशीन लावायचं नाही, हाताने घासायचं. मी तिथे मास्किंग टेपच चिकटवून ठेवतो. आणि फायबर खरोखर जळालेलं ज्या बोटींवर पाहिलंय, त्यातल्या बहुतेक ठिकाणी दोष कंपाउंडचा नव्हता. कोणीतरी वेल्डिंगच्या दुकानातला चार इंची ग्राइंडर आणून त्यावर लोकरीचा पॅड लावला होता. तो ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतो. बफिंगला 1200 ते 1800 पुरतात. ग्राइंडरने पाच सेकंदांत पिवळा डाग उठतो आणि मग नाव कंपाउंडचं खराब होतं.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे झिजण्याची भीती किती खरी ते तुम्हीच ठरवा. आधी गोड्या पाण्याने धुणं, नाहीतर मिठाचे कण आणि वाळूच पॅडखाली येऊन चरे पाडते. मग सावलीत किंवा सकाळी ऊन चढण्याआधी दोन-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा. कंपाउंडचे चार थेंब, आधी मशीन मंद ठेवून पसरवायचं, मग वेग वाढवून आडवं-उभं फिरवायचं, पॅड सपाट ठेवून आणि सतत हलता. कंपाउंड वाळू लागलं की पाण्याचा बारीक फवारा. नखाला जाणवण्याइतके चरे किंवा खडू खोल असेल तरच वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका बारीक), 800 पासून 1000, 1500, 2000 असा चढत, प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे मागचे चरे गेले का ते दिसतं. 400 ने सुरुवात करणारे भेटतात. जेलकोट जातो तो तिथे. कंपाउंडनंतर फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश, आणि शेवटी वॅक्स. वॅक्स चकाकी आणत नाही, आलेली टिकवतं. खडूवर वॅक्स मारणारे त्या खडूलाच जपतात. इथल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत एक हात हंगामभर पुरत नाही, दोन-तीनदा द्यावा लागतो. बोट उभी असताना वर कापड टाकलं तर कमी.

टूथपेस्टचं काय बोलायचं. त्यात अगदी बारीक घासणारी पूड असते, तळहाताएवढ्या जागेवर फरक दिसेलही. अठरा फुटी बोट टूथपेस्टने घासायची असेल तर शुभेच्छा.

टॉयलेट क्लीनर मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते खडूला काही करत नाही. बुडाला चिकटलेली शिंपल्यांची कवचं आणि गंजाचे ओघळ विरघळवतं, म्हणून बोट स्वच्छ झाल्यासारखी वाटते. आणि ओघळत ओघळत स्टीलच्या रेलिंगवर, इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर, ट्रॉलीच्या जस्ताच्या मुलाम्यावर जातं. गंजाचे डाग आणि बोट पाण्यात बुडते त्या रेषेवरचा पिवळेपणा काढायला ऑक्झॅलिक ॲसिड पुरतं. हातमोजे घालून लावा, भरपूर पाण्याने धुवा.

राहिला ऑइलपेंट. जेलकोट खरंच संपला असेल, आतली काचेची वीण दिसू लागली असेल, तर रंगच मारायचा, यात वाद नाही. पण एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन डबे एकत्र मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. घराच्या खिडकीचा ऑइलपेंट खडूवर मारला तर तो खडूलाच चिकटतो, बोटीला नाही. आधी खोबरेल लावलेलं असेल तर तेवढाही चिकटत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात आणि मग ती बोट परत आमच्याकडे येते. ऑइलपेंट खरवडून काढायला मी कंपाउंडच्या दुप्पट घेतो, आणि तरी ते काम नकोसंच वाटतं.