उपग्रह येतोय म्हणून टॉवर जाणार नाहीत

एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रहातून इंटरनेट देणारी सेवा म्हणजे स्टारलिंक. तिला भारतात परवाना मिळाल्यापासून एक मजकूर घरच्या, गावच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. आता टॉवर नको, सिम नको, केबल नको. हातातल्या साध्या मोबाईलवर थेट उपग्रहातून इंटरनेट येणार, तेही आजच्यापेक्षा स्वस्त. जिओ आणि एअरटेल घाबरले म्हणून त्यांनी मस्कशी हातमिळवणी केली. हे नेट कुठल्याच सरकारला बंद करता येणार नाही. आणि महाराष्ट्र सरकारने करार केला आहे, म्हणजे गडचिरोली-नंदुरबारचा प्रश्न मिटलाच.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्याला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, त्याला ही बातमी खरी वाटावी यात नवल नाही. पण नुकसान त्याचंच होतं. उपग्रह सगळं करणार आहे असं गावाने एकदा मानलं, की पंचायतीपर्यंत यायची ती फायबर कुठे अडली, मंजूर टॉवर का उभा राहिला नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणून एकेक दावा तपासून बघू.

आधी स्वस्ताईचा. २०२५ संपेपर्यंत स्टारलिंकचे भारतातले अधिकृत दर जाहीर झाले नव्हते. डिसेंबरमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर महिन्याला ८,६०० रुपये आणि उपकरणाचे ३४,००० रुपये असे आकडे दिसले होते. ते चाचणीसाठी भरलेले होते, खरे नव्हेत, असं कंपनीने सांगितलं. त्यामुळे ते आकडे मी धरत नाही. शेजारी भूतानकडे पाहू. तिथलं चलन रुपयाशी एकास एक जोडलेलं आहे, त्यामुळे हिशोब सोपा. २०२५ च्या सुरुवातीला तिथे घरगुती योजना महिना ४,२०० ला आणि कमी वेगाची ३,००० ला सुरू झाली. बांगलादेशात मे २०२५ मध्ये महिन्याचे ६,००० आणि ४,२०० टका असे दोन दर होते, शिवाय उपकरणाचे ४७,००० टका एकरकमी. आता आपल्याकडचं बघा. २०२५ च्या मध्यात जिओला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी २०९ रुपयांच्या आसपास मिळत होते, एअरटेलला सुमारे २५०. घरी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून घरात येणारं ब्रॉडबँड, बसवलं तर ५९९ रुपये आणि जीएसटीपासून सुरुवात. २०१४ मध्ये एका जीबीला अडीचशेहून जास्त रुपये पडायचे, आज दहाच्या आसपास पडतात. ही घसरण टॉवर आणि फायबरच्या जोरावर झाली आहे. उपग्रह तिच्याहून खाली जाईल, असं दाखवणारा एकही आकडा या मजकुरात नाही.

आता टॉवर भंगारात जाण्याचा दावा. इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळे गैरसमज इथूनच फुटतात.

वायरलेस इंटरनेट म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीची वाटणी. शहरात टॉवर काहीशे मीटरवर असतात, म्हणून तीच फ्रिक्वेन्सी पुढच्या गल्लीत पुन्हा वापरता येते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा एक झोत जमिनीवर वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा भाग व्यापतो आणि त्या भागातल्या छतांवरच्या सगळ्या डिश तो झोत वाटून घेतात. मुंबई महापालिकेची हद्द साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. क्षेत्रफळ पाहिलं तर जवळजवळ एका झोताएवढी. एकाच जागेवर जास्त झोत टाकता येतात, पण फ्रिक्वेन्सी शिल्लक आहे तोवरच. मेळघाटात त्या वर्तुळात तुलनेने फार थोडी माणसं राहतात, मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. जुलै २०२५ मध्ये इन-स्पेसने, म्हणजे अंतराळ क्षेत्रातल्या परवानग्या देणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, स्टारलिंकला पाच वर्षांसाठी मंजुरी दिली, तेव्हा तिच्या पहिल्या पिढीच्या उपग्रहांची भारतावरची एकूण क्षमता सुमारे ६०० गिगाबिट प्रतिसेकंद असल्याचं सांगितलं गेलं. त्याच महिन्यात दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर म्हणाले की स्टारलिंकला भारतात जास्तीत जास्त २० लाख ग्राहक घेता येतील. देशात तेव्हा ब्रॉडबँडचे ग्राहक होते ९७ कोटींहून अधिक. म्हणजे हजारात दोन. आणि त्या २० लाखांनी एकाच वेळी नेट वापरलं, तर ६०० गिगाबिटची वाटणी प्रत्येकी अवघी ०.३ मेगाबिट येते. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत हे खरं, म्हणून प्रत्यक्षात वेग चांगला मिळतो. पण रात्री नऊ वाजता, सगळे एकदम नेटवर येतात तेव्हा, हिशोब आवळतो.

दुसऱ्या बाजूने मोजून पाहा. एप्रिल ते जून २०२५ या तीन महिन्यांत एकट्या जिओच्या जाळ्यातून सुमारे ५,४७० कोटी जीबी डेटा वाहिला. एक जीबी म्हणजे आठ गिगाबिट, हे धरून दिवसरात्रीची सरासरी काढली तर सेकंदाला पंचावन्न हजार गिगाबिटच्या आसपास येतो. स्टारलिंकची भारतासाठीची सगळी क्षमता क्षणभरही रिकामी न ठेवता वापरली, तरी ती याच्या नव्वदाव्या हिश्श्याइतकी भरते. पुढच्या पिढीचे मोठे उपग्रह आले की क्षमता वाढेल, नक्कीच वाढेल. ती दुप्पट झाली, पाचपट झाली, तरी हे अंतर मिटत नाही. शिवाय तोवर आपण व्हिडिओ पाहणं कमी करणार आहोत, असंही नाही.

ही मर्यादा जगाने पाहिली आहे. केनियात स्टारलिंक २०२३ मध्ये आलं, लोकांनी ते आनंदाने घेतलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबी आणि आसपासच्या भागात नवीन जोडण्या देणं कंपनीला थांबवावं लागलं. क्षमता संपली होती. ग्राहक दाटीवाटीने एका जागी आले की काय होतं, त्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आपल्या देशातलं उदाहरण अंदमानचं. वर्षानुवर्षं तिथलं इंटरनेट उपग्रहावरच चालत होतं, महागडं आणि अपुरं. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल पोर्ट ब्लेअर आणि आसपासच्या बेटांना पोहोचली, तेव्हा चित्र पालटलं. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपला तशीच केबल गेली. अंदमानला सेवा देणारे उपग्रह बरेच वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर होते आणि स्टारलिंक त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, हे मान्य. तरीही ज्यांच्याकडे आधीपासून उपग्रह होता, त्या बेटांसाठी देशाने समुद्रात केबल टाकली, याचा विचार करा. दुष्काळात टँकर जीव वाचवतो. टँकर मिळतो म्हणून नळयोजना उखडून टाका, असं कुठलंही गाव म्हणत नाही.

मग कुठल्याही मोबाईलवर थेट उपग्रहाचं काय? इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. स्टारलिंकचं जे ब्रॉडबँड आपण ऐकतो, ते छतावरच्या डिशमधून येतं. डिशखाली वायफाय, आणि मग मोबाईल. फोनला थेट उपग्रहाशी जोडणं हे निराळं तंत्र आहे. अमेरिकेत टी-मोबाईलने जुलै २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांवर अशी सेवा सुरू केली. सुरुवात मेसेजपासून झाली, नंतर काही निवडक अ‍ॅप आले. ती मोकळ्या आकाशाखाली, टॉवर नसेल तिथे वापरायची. कारण साधं आहे: फोनची ताकद एका वॉटपेक्षाही कमी, अँटेना बोटभर, आणि उपग्रह शेकडो किलोमीटर दूर. फोन मोठा करता येत नाही म्हणून उपग्रह मोठा करावा लागतो. २४ डिसेंबर २०२५ ला इस्रोच्या एलव्हीएम-३ ने श्रीहरिकोटाहून ब्लूबर्ड उपग्रह सोडला, तो याच कामासाठी. वजन सुमारे ६,१०० किलो, अँटेना २२३ चौरस मीटर, म्हणजे चार-पाच वन बीएचके फ्लॅट मांडले तर भरतील एवढी. त्या कंपनीशी, एएसटी स्पेसमोबाईलशी, आपल्याकडे व्होडाफोन आयडियाचा करार आहे. अमेरिकेतली सेवा टी-मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, इथलीही मोबाईल कंपनीला बरोबर घेऊनच यायची आहे. ‘सिम नको’ हा भाग तर पूर्ण उलटा आहे.

जिओ-एअरटेल घाबरले, या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. उपग्रहासाठीच्या स्पेक्ट्रमचा, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा, लिलाव व्हावा, असं या कंपन्यांचं म्हणणं होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो लिलावाशिवाय द्यायचं ठरवलं. मे २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, महसुलाच्या ४ टक्के शुल्काची शिफारस केली, शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये वेगळे. तेव्हाही मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली. त्यांना धास्ती होती ती शहरातल्या, जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाची. पण मार्च २०२५ मध्ये त्यांनी स्पेसएक्सशी जे करार केले, ते विक्री आणि जोडणीचे आहेत, म्हणजे जिथे आपलं जाळं न्यायला परवडत नाही तिथे दुसऱ्याचं उपकरण विकायचं. शिवाय एअरटेलचा भारती समूह स्वतः युटेलसॅट वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीचा मोठा भागधारक आहे. वनवेबचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोनेच सोडले. जिओनेही लक्झेंबर्गच्या एसईएस या उपग्रह कंपनीबरोबर कंपनी काढली आहे. उपग्रहाच्या बाजारात हे दोघे स्वतःच उतरलेले आहेत.

‘सरकार बंद करू शकत नाही’ याला फार शब्द लागत नाहीत. परवान्याच्या अटींनुसार भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच गेटवेतून, म्हणजे उपग्रहाला इंटरनेटशी जोडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रातून, जायला हवा, आणि सरकारने सांगितलं तर एखाद्या भागातली सेवा थांबवावी लागते. २०२१ मध्ये कंपनीने परवान्याआधीच आगाऊ नोंदणी घेतली, तेव्हा दूरसंचार विभागाने तिला थांबवलं आणि लोकांचे पैसे परत करावे लागले.

राहिला महाराष्ट्राचा करार. ५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव ही नावं त्यात आहेत, केंद्राने मागास म्हणून निवडलेले आपले चार ‘आकांक्षित’ जिल्हे हेच. भर शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं यांच्यावर आहे आणि सगळं केंद्राच्या परवानग्यांच्या अधीन आहे. हे पाऊल मला मनापासून योग्य वाटतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. अशा वेळी तिथल्या दवाखान्याच्या छतावर डिश असणं म्हणजे बाळंतिणीसाठी वेळेत सल्ला मिळणं. अक्राणी-मोलगीच्या डोंगरातल्या पाड्यांना फायबर पोहोचायला अजून वर्षं लागतील. उपग्रहाची जागा नेमकी ही आहे.

पण इरादापत्र म्हणजे घरोघरी फुकट नेट नव्हे. या चार जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी ग्रामसभेत काही गोष्टी विचारायला हव्यात. डिशचं महिन्याचं बिल पहिल्या वर्षानंतर कोण भरणार? तिला पन्नास ते शंभर वॅट वीज सतत लागते, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते तिथे सौर पॅनल आणि बॅटरी त्याच निधीतून येणार का? शाळेची डिश सुट्टीत आणि संध्याकाळी मुलांना वापरता येईल का? आणि सगळ्यात आधी भारतनेटबद्दल, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेबद्दल विचारा. सुधारित भारतनेटसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले आहेत. तुमच्या पंचायतीपर्यंतची फायबर कागदावर पूर्ण आहे की प्रत्यक्षात चालू आहे, आणि बंद असेल तर शेवटची कधी चालली होती, याचं उत्तर लेखी मागा.