‘आवाज दिला’ या शब्दांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बंगाली लेखिका महाश्वेता देवींच्या ‘वर्तिका’ या त्रैमासिकावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की लिहिणे शिकवता येत नाही. ज्यांचे स्वतःचे लेखन आटते तेच पुढे लेखनवर्ग घेऊ लागतात. आणि महाश्वेतांनी ‘रिक्षावाल्यांना, शेतमजुरांना आवाज दिला’ हे माझे वाक्य उपकाराच्या भाषेतले आहे. यांतला शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो बरोबर आहे.

ज्या प्रसंगाच्या आधारे मी ते वाक्य लिहिले, तो प्रसंगच त्या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देतो, हे आपल्या प्रतिक्रियेनंतर माझ्या लक्षात आले. १९८० च्या सुमारास कोलकात्याच्या जादवपूर भागात मनोरंजन ब्यापारी नावाचा एक तरुण रिक्षा चालवत असे. त्याच्या रिक्षात एक प्राध्यापिका बसल्या. वाचताना अडलेला एक शब्द त्याने त्यांना विचारला : ‘जिजीविषा’. (हा शब्द आपल्याही कोशांत आहे, तो उच्चारण्याची वेळ मात्र आपल्यावर क्वचितच येते.) जगण्याची इच्छा, असा अर्थ बाईंनी सांगितला, आणि हा शब्द तुला कुठे भेटला, असे उलट विचारले. पुढे, आपल्या त्रैमासिकासाठी तू स्वतःच्या जगण्याविषयी लिही, असे सांगून त्यांनी नाव आणि पत्ता दिला. ज्या लेखिकेची पुस्तके आपण वाचतो तीच आपल्या रिक्षात बसली होती, हे त्याला तेव्हा कळले. १९८१ साली ‘वर्तिके’त त्याचा लेख छापून आला. लेखाचे नावच ‘मी रिक्षा चालवतो’ अशा अर्थाचे होते.

आता यात कोणी कोणाला काय दिले, ते पाहावे. अक्षरे तो त्याआधी तुरुंगात शिकला होता, आणि तीही एका कैद्याकडून. त्यामुळे पहिला शिक्षक म्हणून मान द्यायचाच असेल तर तो त्या कैद्याचा आहे. वाचनाची भूक त्याची स्वतःची होती आणि प्रश्नही त्यानेच विचारला. पुढे वसतिगृहात स्वयंपाक करता करता त्याने पुस्तके लिहिली, आत्मकथनाच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चे ‘द हिंदू’चे ललितेतर लेखनाचे पारितोषिक मिळाले आणि २०२१ साली तो पश्चिम बंगालमधल्या बलागढमधून आमदार म्हणून निवडून आला; यातले काहीही महाश्वेतांनी ‘दिलेले’ नाही. त्यांनी दिली ती त्रैमासिकाची चार पाने, आणि ‘तुझे लिहिणे मला हवे आहे’ ही खात्री. पण या दोन गोष्टींनाच मी शिकवणे म्हणते, आणि इथून पुढे आपल्याशी माझा मतभेद सुरू होतो.

लेखन आटल्यावर माणसे शिकवू लागतात, हे विधान निदान या लेखिकेला लागू पडत नाही. त्यांचे पहिले पुस्तक १९५६ चे. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७९ चा. त्याच वर्षी वडील मनीष घटक गेले आणि त्यांचे ‘वर्तिका’ हे नियतकालिक १९८० मध्ये महाश्वेतांनी आपल्या हाती घेतले. म्हणजे हे काम त्यांनी ऐन बहरात पत्करले. ते हाती घेतल्यावर त्यांनी त्याचा मोहराच बदलला आणि लहान शेतकरी, आदिवासी, कारखान्यातले कामगार यांना आपापल्या गावाविषयी, मजुरीविषयी लिहायला लावले. ज्या महाविद्यालयात त्या १९६४ पासून इंग्रजी शिकवत होत्या ती नोकरी त्यांनी १९८४ मध्ये सोडली, ‘वर्तिका’ मात्र सोडली नाही. वर्गातले शिकवणे थांबले आणि दुसरे चालू राहिले, हा क्रम मला बोलका वाटतो.

महाराष्ट्रात आत्मकथने कोणत्याही गुरूशिवाय आली, असे आपण लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाचा दाखला देऊन लिहिले आहे. गुरूशिवाय आली, हे मान्य. गायकवाड १९९८ मध्ये विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत उभे राहिले ते बरोबरीचे म्हणून. त्यांच्या पुस्तकाला अकादमीचा पुरस्कार त्याआधी दहा वर्षे मिळाला होता. परंतु आपल्याकडच्या दलित लेखनामागे ‘अस्मितादर्श’सारखे त्रैमासिक होते, आणि स्वतः लेखक व प्राध्यापक असलेले गंगाधर पानतावणे औरंगाबादहून ते जवळपास पाच दशके चालवत होते, हे आपण सोडून देता. नवख्याचे हस्तलिखित वाचणारा, ते छापणारा आणि पुढचे मागणारा संपादक असणे म्हणजे निराधार असणे नव्हे.

मी दर शनिवारी घेते त्या लेखनवर्गाविषयी आपण जे लिहिले आहे त्याचे उत्तर देणे अवघड आहे, कारण शिकवणारा दुसऱ्याचे लिहिणे आपलेच करून टाकतो, ही जी शंका आपल्याला आहे, ती चूक माझ्या हातून घडलेली आहे. वर्गात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक येतात. पहाटेच्या पहिल्या फेरीविषयी त्यांनी दीड पान लिहिले होते. त्यात ‘डबल दिली आणि गाडी हलली’ असे एक वाक्य होते. मी तीस वर्षांच्या सवयीने त्याचे ‘घंटा वाजवून गाडी सुरू करण्याची खूण केली’ असे केले, आणखीही बरेच काही ‘सुधारले’ आणि कागद परत दिला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला, घडी घातली आणि म्हणाले, “बाई, झालंय छान, पण हे मी नाही लिहिलेलं.” त्या दिवसानंतर मी कोणाच्याही कागदावर पेन टेकवत नाही, जे कळले नाही तेवढेच समासात प्रश्न म्हणून लिहिते. ‘डबल म्हणजे काय’ हा प्रश्न मी विचारला असता, तर त्यांनी एका घंटेचा अर्थ, दोन घंटांचा अर्थ आणि घाटात घंटा ऐकू न आल्यास काय करतात, हे सारे लिहिले असते. पुढच्या शनिवारी त्यांनी ते लिहिलेही.

माझी कादंबरी दोन वर्षे अडली आहे, हा आपला टोला खरा आहे. ती शनिवारांमुळे अडलेली नाही. तिसऱ्या प्रकरणातली सासू मला अजून बोलताना ऐकू येत नाही, एवढेच कारण आहे. मूळ लेखातले ‘आवाज दिला’ हे शब्द मी आज काढून तेथे ‘लिहायला सांगितले आणि छापले’ असे केले आहे.