बदलीची यादी, मुक्काम मिनेसोटा

३१ जुलै २०२५ ची दुपार. ऑफिसात मीटिंग चालू आणि माझा फोन टेबलाखाली मांडीवर. आमच्याकडच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाचला बेसबॉलची ट्रेड डेडलाइन संपणार होती. त्यानंतर मोसम संपेपर्यंत संघांना खेळाडूंची देवघेव करता येत नाही. फोन थरथरला की समजायचं, आमच्या मिनेसोटाच्या ट्विन्स संघातला आणखी एक गेला. ग्रिफिन जॅक्स टँपा बेला. विली कास्त्रो शिकागोला. ब्रॉक स्टुअर्ट डॉजर्सकडे. योआन दुरान आदल्या दिवशीच फिलाडेल्फियाला गेला होता. त्या एका आठवड्यात सव्वीस जणांच्या चमूतले दहा जण गेले. समोर बसलेली माझी सहकारी इथेच जन्मलेली, वडिलांच्या खांद्यावर बसून १९९१ च्या विजेतेपदाची मिरवणूक पाहिलेली. तिने लॅपटॉप मिटला आणि काही न बोलता बाहेर गेली.

रात्री सांगलीहून दादाचा फोन. पुतण्याने त्याला बातमी दाखवली होती.

"तुमचं दुकान उठलं म्हणे?"

मी त्याला समजावायला बसलो. तो ऐकून घेतो, पण त्याचं मत २००८ सालापासून ठरलेलं आहे. मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि धोनीला १५ लाख डॉलरला चेन्नईने घेतलं, त्या रात्री तो म्हणाला होता, "आपल्याकडं बैलं विकायला जतच्या बाजारात नेतात. हे तेच, फक्त एसीत." त्याला लिलावही नको आणि ट्रेडही नको. इथली माझी मराठी मित्रमंडळी बरोबर उलट. मंडळाच्या गणपतीत विषय निघाला की "अरे, हा प्रोफेशनलिझम आहे, आपल्या लोकांना भावना आवरत नाहीत" हे वाक्य प्रसादाच्या आधी येतं. मी दोन्हीकडे मान डोलवत आलो. त्या उन्हाळ्यापासून मात्र मला दोघंही अर्धेच बरोबर वाटतात.

मला ट्रेड म्हटलं की आठवते बदली. आबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. जत, आटपाडी, शिराळा, विटा. सांगली जिल्ह्याचा नकाशा मी भूगोलात शिकलो नाही, ट्रकच्या मागे ट्रंकांवर बसून शिकलो. उन्हाळा लागला की कचेरीत कुजबूज सुरू व्हायची. कुणीतरी कलेक्टर ऑफिसातून आलेला असायचा, त्याने म्हणे यादी पाहिलेली असायची. आई पापड घालायचं लांबणीवर टाकायची, कारण वाळवण निम्म्यात गुंडाळून न्यायचं म्हणजे नुकसान. कधी यादीत नाव असूनही हुकूम यायचा नाही, कधी नसूनही यायचा.

म्हणून २०१५ च्या जुलैमधला विल्मर फ्लोरेस मला परका वाटला नाही. न्यूयॉर्क मेट्सचा हा व्हेनेझुएलाचा पोरगा सोळाव्या वर्षापासून त्याच संघात. सामना चालू असतानाच त्याला मिलवॉकीला दिल्याची बातमी फोनाफोनी पसरली. प्रेक्षकांनी उभं राहून निरोपाच्या टाळ्या वाजवल्या आणि हा मैदानावर शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहून बाहीने डोळे पुसत होता. व्यवहार नंतर फिसकटला. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, त्याच फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला. दादाला ही गोष्ट मी तीनदा सांगितली आहे, तिन्ही वेळा तो गप्प झाला.

आता कार्लोस कोरेयाची गोष्ट, कारण महागड्या कराराचं गणित त्याच्यात सगळं येतं. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ह्यूस्टनने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. २०२२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोने त्याला १३ वर्षांसाठी ३५ कोटी डॉलर देऊ केले. वैद्यकीय तपासणीत जुन्या दुखापतीचा पाय अडला आणि ते फिसकटलं. मग मेट्सने १२ वर्षांसाठी ३१.५ कोटी. पुन्हा तोच पाय. शेवटी तो मिनेसोटात आला, ६ वर्षं आणि २० कोटी. लग्नाच्या दोन बैठका मोडून तिसरीकडे जमावं तसं. आमच्या गावाला एवढा मोठा माणूस परवडत नसतो, म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप. २०२३ च्या ऑक्टोबरात ट्विन्सने प्लेऑफमधली सलग १८ पराभवांची मालिका मोडली तेव्हा कोरेया मैदानावर होता, आणि थंडीत शेकोटीभोवती बसावं तसे आम्ही टीव्हीभोवती होतो.

त्याच हिवाळ्यात मालकांनी पगाराचा खर्च कमी केला. सामने दाखवणाऱ्या वाहिनीची कंपनी दिवाळखोरीत गेली होती, टीव्हीच्या पैशांचा भरवसा राहिला नव्हता. कारण खोटं नव्हतं. पण तिथून उतरण लागली, ती ३१ जुलैपर्यंत. त्या दिवशी कोरेयाला परत ह्यूस्टनला दिलं. त्याच्या कराराचे साधारण १० कोटी डॉलर उरले होते, त्यातले ३ कोटी ३० लाख ट्विन्सच भरणार. म्हणजे तो ह्यूस्टनसाठी चेंडू अडवणार आणि पगाराचा तिसरा हिस्सा मिनेसोटा देणार. मुलगी दिली, वर आंदणही दिलं. बदल्यात मिळाला खालच्या श्रेणीतला एक डावखुरा पिचर, म्हणजे गोलंदाज.

इथे थोडं थांबायला हवं, कारण "पैसे भरून खेळाडू देणं" हा प्रकार आपल्याकडे विचित्र वाटतो आणि तो नेहमीच वेडेपणा नसतो. २०२३ मध्ये मेट्सने मॅक्स शर्झर टेक्सासला दिला. वर्षाला ४ कोटी ३३ लाख डॉलरचा माणूस. त्याच्या उरलेल्या पगारातले साडेतीन कोटींच्या आसपास मेट्सनेच भरले, पण बदल्यात लुइसआंहेल अकुन्या हा चांगला तरुण खेळाडू मागून घेतला. म्हणजे मालकाने रोख पैशाने उद्याचा खेळाडू विकत घेतला. तुम्ही जितका पगार उचलता तितका समोरचा चांगला माल देतो. कोरेयाच्या व्यवहारात मात्र पैसेही गेले आणि हातात जवळजवळ काही आलं नाही. ती निव्वळ ओझं उतरवण्याची घाई होती. त्या वेळी संघच विक्रीला काढलेला होता, तेव्हा आम्ही समजून घेतलं की घर विकण्याआधी भिंतींना रंग देतात तसं वहीतलं कर्ज झाकलं जातंय. दोन आठवड्यांनी मालक पोहलाड कुटुंबाने जाहीर केलं की आम्ही विकत नाही, काही नवे भागीदार घेतोय, मालक आम्हीच. रंग दिलेल्या घरात आता तेच राहणार.

माझा राग पैशापाशी नाही. माझ्या कौंटीत दर वीस डॉलरच्या खरेदीवर तीन सेंट ट्विन्सच्या स्टेडियमसाठी जातात, तो कायदा २००६ चा, आणि जनमत न घेता केलेला. मी टूथपेस्ट घेतली तरी त्यात माझा वाटा आहे. भागीदाराला दुकान का उठवलं एवढं विचारायचा हक्क असावा की नाही?

आणि लोकांनी विचारलं. मला सांगायचं आहे ते इथेच. ट्विन्सच्या स्टेडियमवर, टार्गेट फील्डवर, रिकाम्या खुर्च्यांमधून "विका एकदाचा संघ" अशा घोषणा झाल्या. त्या ज्याला विकलं त्याच्या नावाने नव्हत्या, ज्याने विकलं त्याच्या नावाने होत्या.

आता वानखेडे आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला गुजरातकडून रोखीच्या व्यवहारात परत आणलं आणि पुढच्या महिन्यात रोहितच्या जागी कर्णधार केलं. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर तो नाणेफेकीला आला तर स्टेडियमने अशी काही हुर्यो उडवली की मांजरेकरांना माईकवर प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. तेव्हा मीही इथे बसून व्हॉट्सअ‍ॅपवर चार वाक्यं लिहिली होती, लाज वाटावी अशी. रोहितचं कर्णधारपद हार्दिकने काढलं होतं का? निर्णय ज्या काचेमागच्या खोलीत झाला, तिकडे एकाही शिट्टीचा आवाज गेला नाही. अमेरिकेतलं पब्लिक संत आहे असंही नाही. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ हा टेक्सासचा बेसबॉलपटू न्यूयॉर्क यांकीजचा होऊन टेक्सासला परत आला की तिथे त्याची अशीच संभावना व्हायची, जणू २५ कोटी २० लाख डॉलरचा करार त्यानेच मालकाच्या खिशातून चोरला होता. पण इथे पन्नासेक वर्षांत लोकांना निदान मालक कुठे बसतो हे कळलं आहे.

ते कळण्यामागे कर्ट फ्लड आहे. १९६९ मध्ये सेंट लुइसने या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं एका गावात काढलेला माणूस. तो म्हणाला, मी जात नाही, माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हायला मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने हे म्हणावं याची तेव्हाही चेष्टा झाली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, कारकीर्द गेली ती गेलीच. पण पुढे खेळाडूंच्या संघटनेने मिळवलेले हक्क त्याच्या पाठीवर उभे आहेत. आज ज्याची दहा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली, तो ट्रेड नाकारू शकतो. कोरेयासारखे काही करारातच तसं कलम घालून घेतात. कोरेयाने ते ह्यूस्टनसाठी, स्वतःच्या जुन्या घरासाठी सोडलं. त्याला हवं होतं म्हणून तो गेला. दादाच्या बैलाला हे कधी विचारलं जात नाही.

खरं सांगायचं तर हे मलाही कुणी कधी विचारलं नाही. एच-वन-बीवर होतो तेव्हा आमचा अख्खा विभाग एका दुपारी बंद झाला. नवी नोकरी शोधायला ६० दिवस, नाहीतर सामान बांधा. तेव्हा मुलगी बालवाडीत. त्या साठ दिवसांत मी बेसबॉल पाहायला लागलो, कारण संध्याकाळी दुसरं काही सुचायचं नाही, आणि वर्षाला १६२ सामने असलेला खेळ बेकार माणसाला सोयीचा. तेव्हा मला कळलं की इथे खेळाडूचा करार पूर्ण हमीचा असतो. पाय मोडला, फॉर्म गेला, संघाने हाकललं, तरी पैसे मिळतात. म्हणूनच मालकांना करार "हलवावे" लागतात, फाडून टाकता येत नाहीत. हा सगळा जुलैचा बाजार त्या हमीतून उभा राहिला आहे. प्रोफेशनलिझमवाल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, "मग आपल्याला का नाही मिळत असली हमी?" मी म्हणतो, कारण १९९४ मध्ये आपण संप केला नाही. खेळाडूंनी केला, आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मालिका, झालीच नाही.

आयपीएलमध्येही ट्रेडला खेळाडूची संमती लागते, कागदावर. पण संमती द्यायला पाठीशी कुणी लागतं. खेळत असलेल्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना नाही. २०१९ मध्ये झाली ती निवृत्तांची. आणि वही उघडी नाही. कोरेयाच्या जाण्यात ट्विन्सने किती भरले हे मला इथल्या हॉटेलातला वेटरही सांगेल. हार्दिकला १५ कोटी पगार मिळणार हे कळलं, पण मुंबईने त्याच्यासाठी गुजरातला किती मोजले हे अधिकृतपणे जाहीर झालं नाही. दादा म्हणतो बाजार नको. माझं म्हणणं, बाजार आहेच, तो जाणार नाही. निदान काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगा. जतच्या बाजारातसुद्धा रुमालाखाली बोटं धरून ठरवलेला सौदा शेवटी पावतीवर लिहितात.

यातलं काहीही लुई वारलँडच्या बाबतीत मला समाधान देत नाही, हेही कबूल करतो. तो सेंट पॉलच्या कडेच्या वस्तीतला पोरगा, स्वस्तातला, पुढे कित्येक वर्षं संघाच्या हक्कात असलेला. त्याचा करार हलवायची काही गरजच नव्हती. त्याच दुपारी त्यालाही टोरांटोला पाठवून दिलं. नकाराचा हक्क मिळायला दहा वर्षं लागतात, त्याची झाली होती चारसुद्धा नाहीत. ऑक्टोबरात टोरांटो वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलं आणि हा जवळजवळ रोज गोलंदाजीला. माझी मुलगी ट्विन्सची टोपी घालून टोरांटोसाठी ओरडत होती. सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये हरले तेव्हा ती म्हणाली, "आपण हरलो." आपण म्हणजे कोण, मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी, नोव्हेंबरातच, पहाटे दादाचा फोन. तो एवढ्या अवेळी करतो तेव्हा पोटात गोळा येतो.

"ऐकलंस का? जडेजाची बदली झाली. राजस्थानला. संजू सॅमसन चेन्नईला."

मी उठून बसलो. याच जडेजाने राजस्थानशी नवा करार न करता परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० चा अख्खा मोसम त्याला बाहेर बसवलं होतं. तेव्हा स्वतः जायला निघाला तर शिक्षा. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून त्याने चेन्नईला कप दिला, आणि आता त्याला त्याच राजस्थानला परत पाठवत होते. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं, पण दादाला वेगळंच लागलं होतं.

"अठरा कोटी होता पगार, चौदा केला. बदली ती बदली, वर पगार कमी? कुठल्या नियमात बसतंय हे?"

"संमती दिली असेल त्याने," मी म्हटलं.

"कसली संमती," दादा म्हणाला. "आबांना असा हुकूम काढून बघायचा होता कुणीतरी. सत्त्याहत्तरच्या संपात चोपन्न दिवस घरात बसलेला माणूस."