बर्फाला कारागीर, माईकला यूट्यूब

गेल्या रविवारी भाच्याच्या 23व्या वाढदिवसाला फोर्टातल्या एका बारमध्ये गेलो होतो, नाव नाही सांगत. ब्रंच, क्राफ्ट कॉकटेल आणि कराओके, तिन्ही एकाच जागी, दुपारी एक ते पाच. मेगाब्लॉक होता त्यामुळे ठाण्याहून पोचेपर्यंतच निम्मा जीव गेला. सोबत मावशी, वय 68, कारण कराओके म्हटल्यावर ती घरी थांबणार थोडीच.

पहिला विनोद म्हणजे आपल्याकडे बीअरला 21 आणि हार्ड दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे ज्याचा वाढदिवस तोच बीअर घेऊन बसला आणि जिनवालं कॉकटेल मावशीसमोर. कोकम आणि जिन. "कोकम चांगलंय, पण मीठ-जिरं विसरलाय" म्हणाली आणि अर्ध्या तासात ग्लास रिकामा.

पण खरं सांगते, ते कॉकटेल मस्त होतं. ग्लासात एकच मोठा चौकोनी बर्फ, काचेसारखा, आरपार दिसेल असा. मी बारमागच्या मुलाला विचारलं तर तो खूष होऊन सांगायलाच लागला, की पाणी चारी बाजूंनी न गोठवता एकाच बाजूने हळूहळू गोठवायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे ढकलत ढकलत दुसऱ्या टोकाला जातात, मग तो पांढरट भाग कापून टाकायचा. असा बर्फ वितळतो पण सावकाश. एका बर्फासाठी एवढी मेहनत! मनापासून कौतुक वाटलं.

आणि मग कराओके सुरू झालं.

लॅपटॉप. यूट्यूब. बस्स. दुसऱ्याच गाण्याला कडव्याच्या मधोमध मसाल्याची जाहिरात. मावशीचा नंबर आला, तिने शांतपणे सांगितलं, "बाळा, तीन सूर खाली घे." लॅपटॉपवाला मुलगा बघतच राहिला. व्हॉल्यूम कमी केला त्याने 😀

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मावशी ट्रॅकवाल्यांपैकी आहे, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या नुसत्या वाद्यांच्या साथीवर गाणाऱ्यांपैकी. ठाणे, डोंबिवली, पुणे, सगळीकडे असे ग्रुप आहेत, रिटायर्ड मंडळी छोटा हॉल घेतात, वर्गणी काढतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन गाणी, समोर टॅबवर शब्द. तिथे गाण्याच्या नावाच्या आधी स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, सांगतात. जुन्या गायिकांची गाणी मुळातच उंच, साठीनंतर आवाज उतरतो, त्यामुळे "मायनस तीन", म्हणजे पट्टी तीन सूर खाली, हे या बायकांचं रोजचं बोलणं. साधं सॉफ्टवेअर करतं ते, काही रॉकेट सायन्स नाही.

आणि मुळात कराओकेचा जन्मच यासाठी झालाय हो. जपानच्या कोबेमधले दाइसुके इनोउए बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका कंपनीच्या साहेबाला सहलीला जायचं होतं, यांना जमेना, म्हणून त्याला झेपतील अशी त्याची गाणी टेपवर वाजवून दिली. त्यातून 1971 मध्ये नाणं टाकून चालणारी मशीन आली, पहिल्या 11 त्यांनी बारवाल्यांना भाड्याने दिल्या. पेटंट घेतलंच नाही, 2004 मध्ये इग्नोबेलचा, म्हणजे नोबेलच्या गमतीदार नकलेचा, शांतता पुरस्कार मात्र मिळाला, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल! म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे साथ वाकवायची, हीच सगळी कल्पना. आणि आपण काय करतो, गळाच ट्रॅकप्रमाणे ताणायचा आणि नाही पोचला की बाकीच्या टेबलांनी हसायचं.

मावशीने गायलं. वरच्या जागेला आवाज फाटला. टाळ्या पडल्या पण तसल्या, "आजी कित्ती क्यूट" टाइपच्या. मला राग आला, कारण ही बाई हॉलमध्ये तेच गाणं काय म्हणते ते मी ऐकलंय. टेबलावर येऊन तिने गार पडलेल्या टोस्टवरचं अंडं बाजूला सारलं आणि पाच मिनिटं काही बोलली नाही.

मराठी गाणी मागितली तर "मॅम, वो ट्रॅक देखना पडेगा." मुंबईत. असो.

बिलात मात्र सर्विस चार्ज न विचारता लावला होता, तो भाच्याने काढायला लावला. माझं म्हणणं एवढंच, की क्राफ्ट म्हणता ना, मग ते ग्लासापाशीच का संपतं? बर्फातले बुडबुडे काढायला माणूस ठेवता, मग माईकपाशी पट्टी बदलता येणारा एक ठेवा की.

ठाण्यात परत येईपर्यंत मावशीचं ठरलं होतं. पुढच्या वेळी स्वतःचा पेनड्राइव्ह, मायनस तीन करून आणलेले ट्रॅक आणि ग्रुपमधल्या सात जणी. टेबल मी बुक करायचं. तर मुंबईत कुणाला असा बार माहितीय का जिथे पेनड्राइव्ह लावून देतात आणि दुपारी कराओके असतं? कमेंटमध्ये टाका. जिने चढायला लागणार नाहीत अशी जागा हवी, दोघींचे गुडघे बदललेत.